राजूचा भाऊ

अशोक मेश्राम कुणालाही 'तू' म्हणत नसत. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन मुलं पहिल्याच दिवशी एकमेकांशी एकेरीवर येत, पण मेश्रामजी बावीस वर्षांच्या पोरांनाही 'झी' म्हणायचे. झी म्हणजे जर्मनमधलं अहोजाहो. मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, पण मलाही 'तुम्ही'च. एकदा मी म्हटलं, "मला अगं म्हणा ना, इथं कुणी म्हणत नाही." तेव्हा ते हातातला कागद खाली ठेवून म्हणाले, "माझे वडील उमरेडच्या कचेरीत आयुष्यभर शिपाई होते. त्यांना तिथं एकदाही कोणी तुम्ही म्हटलं नाही. ते सगळे 'तुम्ही' माझ्याकडे साठून आहेत. आता वाटून टाकतो."

मी पुण्याहून जर्मनीत मास्टर्स करायला आले होते, म्हणून ते मला 'पुणेकर' म्हणत. ते स्वतः डॉक्टरेट करत होते, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्याआधी गावाकडच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी फिजिक्स शिकवलं होतं. त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नसे. "मी अजून विद्यार्थी आहे," म्हणायचे. मग नागपूरकडच्या पद्धतीनं आम्ही त्यांना मेश्रामजी म्हणू लागलो. किरकोळ बांधा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बॅगेत कायम मुरमुऱ्यांचा स्टीलचा डबा. ते राहायचे लुडविग्सहाफेनला, केमिकल कारखान्याच्या कुंपणाजवळ एका खोलीत, कारण तिथं भाडं कमी होतं.

त्यांचा विषय होता विमानांचा आवाज. विमानतळाजवळच्या गावांत यंत्रं लावायची, आवाज मोजायचा, नोंदी करायच्या. ते स्वतः इतकं हळू बोलत की पुढे झुकून ऐकावं लागे, पण त्यांचे कान विलक्षण होते. कॅन्टीनमध्ये जेवताना डोळे मिटून म्हणायचे, "मालवाहू आहे. चार इंजिनं. एक बरोबर नाही." खिडकीबाहेर पाहावं तर खरंच ते असायचं. इंजिन बरोबर होतं की नव्हतं ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही.

एका गावात एक म्हातारी शेतकरीण होती. विमानांनी डोकं उठतं अशी तिची तक्रार, आणि सरासरी आवाज मर्यादेत आहे असं तिला सरकारी उत्तर आलं होतं. मेश्रामजी तीन दुपारी तिच्या अंगणात बाकावर बसले आणि गेलेलं एकेक विमान वेळेसकट लिहून तिला यादी करून दिली. त्या यादीचा कुठे उपयोग झाला नाही. मी विचारलं, मग कशाला एवढे कष्ट घेतलेत? म्हणाले, "माणूस सरासरी ऐकत नाही, पुणेकर. माणूस एकेक ऐकतो."

कागदावर त्यांचा फार विश्वास. प्रत्येक पत्राच्या दोन प्रती, प्रत्येक फोननंतर तारीख टाकून टिपण, आणि सगळं ऑर्डनरमध्ये, म्हणजे इथल्या त्या जाड पाठीच्या फायलींमध्ये. कुणी काही सांगायला लागलं की त्यांचा पहिला प्रश्न, "लिहून घेतलं का?" व्हिसाच्या ऑफिसात जायचं असलं की सगळी भारतीय मुलं आधी त्यांच्याकडे जात. त्यांनी फाईल लावून दिली की काम होतंच.

त्यांच्या घरचं मला कळलं ते दोन हजार पाचच्या वसंतात, एका कॉल शॉपमध्ये. स्टेशनजवळ लाकडी बूथची रांग असलेलं एका तुर्की माणसाचं दुकान होतं. रविवारी दुपारी आम्ही सगळे तिथून घरी फोन करायचो. त्या दिवशी माझ्या शेजारच्या बूथमध्ये मेश्रामजी होते. पातळ फळीतून त्यांचा आवाज येत होता, आणि तो आमच्याशी बोलतानाचा आवाज नव्हता.

"हो आई, आला होता ना त्याचा फोन. बुधवारी. बरा आहे. जेवण? जेवण तर तोच बनवते तिथं. वांग्याची भाजी करून खाल्ली म्हणे त्यानं, मसाला घालून. हो, त्याले सांगतो. त्याच्या पोरीचा दात पडला म्हणून सांगतो."

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी न विचारताच त्यांच्याबरोबर चालत राहिले. नदीपर्यंत आल्यावर ते म्हणाले, "राजू माझा लहान भाऊ. मार्चपासून त्याचा फोन नाही."

राजू लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घ्यायचा. एका एजंटानं त्याला कुवेतच्या हॉटेलात नोकरी देतो म्हणून नेलं. तिथं पंधरा दिवस ठेवून त्याला बसमध्ये बसवलं आणि सीमेपलीकडे इराकमध्ये, अमेरिकन सैन्याच्या एका छावणीच्या मेसमध्ये कामाला लावलं. राजूनं तिथून एक फोटो पाठवला होता. डोक्याला जाळीची टोपी, पांढरा एप्रन, समोर वाफाळणारे ट्रे, आणि मागच्या तंबूवर छावणीचं अर्धवट नाव. हसत होता. नंतर आठवड्याला एक फोन यायचा. मग एकही नाही.

मेश्रामजींनी सगळीकडे लिहिलं. आपल्या वकिलातीचं उत्तर होतं की इराकला जायची भारतीयांना बंदी आहे, आणि कागदपत्रांनुसार हा गृहस्थ कुवेतमध्ये आहे. कुवेतच्या कंपनीनं कळवलं की हा कामगार मार्चमध्ये काम सोडून गेला. अमेरिकनांचं उत्तर होतं की तो आमचा नोकर नाही, ठेकेदाराचा आहे. तिन्ही पत्रं त्यांनी ऑर्डनरमध्ये एकामागे एक लावली होती.

"तिन्ही कागद खरे आहेत," ते म्हणाले. "आणि राजू तिन्हींत नाही."

"आईला का सांगत नाही?"

"आधी सापडू द्या. मग सांगतो."

आमच्या सेमिस्टरमध्ये एक अभ्याससहल होती. विषय, जर्मनीतले परदेशी लष्करी तळ आणि त्यांच्या भोवतालची गावं. तीन दिवसांत तीन अमेरिकन तळ. पंधरा विद्यार्थी, आमच्या प्रोफेसर विंकलरबाई, आणि यंत्रं सांभाळायला मेश्रामजी. सगळ्यांच्या पासपोर्टच्या प्रती कितीतरी आठवडे आधी पाठवाव्या लागल्या. परवानगी आल्याचं कळलं तेव्हा मेश्रामजींनी ते पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, मोजमापाची संधी मिळाली म्हणून.

पहिला तळ शेतांच्या मधोमध होता, हेलिकॉप्टरांचा. फाटकावर कुत्र्यांनी आमच्या बॅगा हुंगल्या. आत गेलो तर अमेरिकेतलं एखादं गाव उचलून आणून ठेवल्यासारखं दिसत होतं. रुंद रस्ते, बर्गरची दुकानं, पिवळी शाळेची बस. जनसंपर्क अधिकाऱ्यानं कॉफी दिली, पडद्यावर नकाशे दाखवले आणि शेवटी कुणाला काही प्रश्न आहेत का म्हणून विचारलं. झाडं, भूजल, उड्डाणांच्या वेळा असे प्रश्न झाले. मग मेश्रामजींनी हात वर केला.

"तुमच्या मेसमध्ये जे परदेशी कामगार काम करतात, त्यांच्या नावांची यादी कोण ठेवतं?"

"इथं?"

"कुठंही. इराकमध्ये, समजा."

अधिकारी सभ्यपणे म्हणाला, "ते ठेकेदारांकडे असतं. माझ्या अखत्यारीत येत नाही." विंकलरबाईंनी वळून मेश्रामजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि वहीत ते उत्तर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. बॅगेतून त्यांनी एक कागद काढला. वर राजूचा फोटो, खाली इंग्रजीत चार ओळी, नाव, छावणी आणि त्यांचा ईमेल. त्या दिवशीचा तळ मोठा होता. इराकमधून येणारी-जाणारी विमानं तिथंच उतरत, आणि दुपारचं जेवण आम्हाला सैनिकांच्या मेसमध्येच मिळणार होतं.

"मेसच्या दाराशी सूचनांचा फळा असतो," ते म्हणाले. "कालपासून बाईंचं माझ्यावर लक्ष आहे. तुम्ही हात धुवायला जाताना एवढा एक कागद तिथं लावाल का?"

पुढच्या महिन्यात माझ्या व्हिसाचं नूतनीकरण होतं. लष्करी तळावर नको तो कागद चिकटवताना पकडले गेले तर काय, हे मला लगेच दिसलं. राजू दिसला नाही. मी म्हटलं, "मेश्रामजी, माझा व्हिसा आहे पुढच्या महिन्यात."

"अच्छा, बरोबर आहे," ते म्हणाले. "मी विचारायलाच नको होतं. माफ करा मला."

त्यांनी कागद परत बॅगेत ठेवला आणि मला मुरमुरे दिले. मी ते खाल्ले. ती सकाळ आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते.

मेस प्रचंड होती. चारेकशे सैनिक जेवत होते, ट्रेंचा खणखणाट, वर टीव्ही. आम्ही एका लांब टेबलाशी बसलो. मेश्रामजींनी ताटात फक्त भात घेतला होता आणि तोही खाल्ला नाही. ते वाढणाऱ्यांकडे पाहत होते. जाळीच्या टोप्या घातलेली माणसं, समोर वाफाळणारे ट्रे. मग ते हळूच मला म्हणाले, "इथं पंच्याहत्तर डेसिबलच्या वर आहे आवाज. ऐकू जायचं तर ओरडावं लागेल."

मला अर्थ कळायच्या आत ते खुर्चीवर चढले होते.

त्या माणसाचा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो फाटलेला होता, वापरात नसलेल्या दारासारखा. "माझं नाव अशोक मेश्राम," ते इंग्रजीत म्हणाले. "हा माझा भाऊ राजू." दोन्ही हातांनी त्यांनी कागद डोक्यावर धरला. "यानं तुम्हाला जेवायला वाढलंय." मग छावणीचं नाव घेतलं. "मार्चपासून तो कुठं आहे ते कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी त्याच्या हातचं खाल्लं असेल. मेहेरबानी करून याच्याकडे बघा."

टेबलामागून टेबल गप्प होत गेलं. शेवटी फक्त टीव्ही चालू राहिला. मेश्रामजी कागद धरून खुर्चीवर हळूहळू वळत होते, म्हणजे सगळ्यांना दिसावा. एवढ्या लांबून फोटो कुणालाही नीट दिसला नसता. विंकलरबाई म्हणाल्या, "मिस्टर मेश्राम, खाली या." ते आले नाहीत. दोन पोलीस आले, त्यांनी त्यांचे दंड धरून खाली उतरवलं. दांडगाई केली नाही. कागद मात्र काढून घेतला.

आम्हाला सगळ्यांना फाटकाजवळ बसमध्ये दोन तास बसवून ठेवलं. मेश्रामजींची आत चौकशी झाली. ते परत आले तेव्हा पुढचा तळ रद्द झाल्याचं आम्हाला कळलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी रागानं काही पुटपुटलं. विंकलरबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला आणलं नसतं."

"नसतं आणलं," बाई म्हणाल्या.

बस सुटणार एवढ्यात बाहेरून दार वाजलं. पन्नाशीची एक बाई होती, युनिफॉर्मवर एप्रन, त्या मेसच्या स्वयंपाकघराची सार्जंट. बरोबर विशीतला एक सैनिक होता, हात गळ्यात अडकवलेला. मेश्रामजी खाली उतरले. माझी खिडकी उघडी होती.

सैनिक म्हणाला, "मी त्या छावणीत होतो, सर. मार्चमध्ये जेवणाच्या तंबूवर तोफगोळा पडला. आमच्यातले तिघं गेले. त्यांची नावं मला पाठ आहेत."

"आणि वाढणारे?"

"त्यांनाही लागलं. ट्रकमधून कुवेतला नेलं म्हणतात. मी स्वतः पाहिलं नाही."

"माझा भाऊ त्यांच्यात होता का? राजू. लोक राज म्हणत असतील."

मुलाचं तोंड उतरलं. "सर," तो म्हणाला, "आम्ही त्यांना सगळ्यांनाच राज म्हणायचो."

मेश्रामजींनी मान हलवली. खिशातून वही काढली, पण लिहिलं काहीच नाही. सार्जंटबाईनं त्यांच्या हातून वही घेतली, तिच्यातून त्यांचा पत्ता उतरवून घेतला. "मी पण जेवणच वाढते," ती म्हणाली. "मी शोधते. वेळ लागेल."

त्यानंतर मेश्रामजी कामावर येत राहिले, पण त्यांच्या नोंदी अपुऱ्या राहू लागल्या. भर कॅन्टीनमध्ये विमान जायचं आणि ते वर पाहत नसत. युनिव्हर्सिटीच्या प्रशासनानं कळवलं की त्यांचं कंत्राट सप्टेंबरनंतर वाढवता येणार नाही. विंकलरबाईंनी दोन पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. रविवारी मात्र ते कॉल शॉपमध्ये यायचे. मी शेजारच्या बूथमध्ये नंबर फिरवायच्या आधी थांबून ऐकायचे. राजूला उन्हाचा त्रास होत नाही, राजूचं वजन वाढलंय, राजूनं पोरीसाठी बाहुली घेतलीय. आई विचारेल ते सगळं राजू करत होता.

जुलैच्या शेवटी एका दुपारी त्यांनी मला कॉम्प्युटर रूममध्ये बोलावलं. सार्जंटबाईचा ईमेल आला होता. तिनं कुणाकुणाला विचारत कुवेतमधल्या एका शवागारापर्यंत माग काढला होता. तिथं मार्चपासून एक बेवारस प्रेत होतं. नोंदीत नाव नव्हतं. अंगावरच्या खुणांत एवढंच होतं की उजव्या हातावर अनोळखी लिपीत काही गोंदलेलं आहे. तिथल्या कुणा कारकुनानं ती अक्षरं पेननं उतरवून काढली होती, आणि सार्जंटबाई विचारत होती, ही तुमची भाषा आहे का?

मेश्रामजी पडद्यापासून तोंड फिरवून उभे होते. "पुणेकर, वाचा काय लिहिलंय."

अक्षरं वेडीवाकडी होती, चित्र काढावं तशी काढलेली. मी म्हटलं, "जयभीम."

"ते हजारो लोकांच्या हातावर असतं. माझ्या मामाच्या हातावर आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"हो, नाही होत."

"नीट वाचा. एकेक अक्षर वाचा."

मी पुन्हा पाहिलं. "ज. य. भ, त्याला ऱ्हस्व वेलांटी. म."

"ऱ्हस्व?"

"हो. पहिली वेलांटी आहे. दीर्घ पाहिजे होती."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "राजू सोळा वर्षांचा होता. यात्रेत गोंदून आला. मी त्याला रागावलो होतो. म्हटलं, ज्या माणसानं आपल्याला शिकायला सांगितलं, त्याचं नाव तू चुकीचं लिहून आलास, आणि आता ते जन्मभर पुसता येणार नाही. आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी." त्यांनी पडद्यावरच्या अक्षरांना बोट लावलं. "उतरवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हणून चूक जशीच्या तशी राहिली. माझ्यासारखा कोणी असता तर दुरुस्त केली असती."

त्यानंतर ते रडले. आवाज न करता. मी बाहेरून दार लावून घेतलं आणि कुणाला आत येऊ देणार नाही अशी उभी राहिले. त्यांच्यासाठी मी केलं ते एवढंच.

आईला त्यांनी त्याच रविवारी सांगितलं. मी मुद्दाम दुकानाबाहेर थांबले होते. ते लवकर बाहेर आले. म्हणाले, "आईला माहीत होतं."

"कसं?"

"राजू वांगं खात नव्हता. लहानपणापासून. वांगं मला आवडतं. मी फोनवर वांग्याची भाजी म्हटलं, तेव्हाच ओळखलं तिनं. मी म्हटलं, मंग आई, इतके महिने तू मले इचारत कायले होतीस? तर म्हणाली, तू सांगून राहिला होता म्हणून."

राजूला घरी न्यायचं तर कुणीतरी जाऊन ओळख पटवायला हवी होती. मेश्रामजींनी कंत्राट संपायची वाट पाहिली नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते तसंच ठेवलं. म्हातारीच्या विमानांची यादी आणि बाकीचे सगळे ऑर्डनर इन्स्टिट्यूटच्या कपाटात लावून दिले, पाठीवर विषय लिहून, पुढच्या कुणालाही सापडतील असे. ऑगस्टमध्ये, एका कामकाजाच्या सकाळी, मी त्यांना सोडायला फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेले. कुवेत, आणि तिथून नागपूर.

चेक-इनच्या काउंटरवर एक तरुण जर्मन मुलगी होती, कामाची हौस असलेली. त्यांच्याकडे एकच छोटी बॅग होती. तिनं तिकीट पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच सामान? तुम्हाला बरंच नेता आलं असतं."

"कुवेतहून पुढे थोडं जास्त आहे," मेश्रामजी म्हणाले.

"मग आत्ताच नोंदवून टाकू या, तिथं त्रास होणार नाही. किती किलो धरू?"

मी काहीतरी बोलणार होते, पण मेश्रामजींनी हात किंचित वर करून मला थांबवलं. त्यांनी प्रश्नाचा खरोखर विचार केला. मोजमापाचा प्रश्न आला की करायचे तसा, डोळे मिटून.

"माहीत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, मी त्याला पाहिलं नाही."

मुलीला ते कळलं नाही. तिनं हसून बोर्डिंग पास पुढे केला. मेश्रामजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, तिला झी म्हणून आभार मानले, माझ्याकडे वळून "येतो, पुणेकर. तुम्ही आता जा, तुमचं काम असेल," म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.